मामा तलावात जेसीबी उतरवण्याआधी: पुनरुज्जीवनाचे दहा टप्पे, क्रमाने

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या मामा तलावांचे, म्हणजे माजी मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातल्या तलावांचे, ‘काम’ म्हटले की उन्हाळ्यात जेसीबी लावून गाळ काढणे, एवढेच डोळ्यांसमोर येते. गाळ निघतो, फोटो निघतात आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी गढूळच, मासळी घटलेली, काठाला बेशरमाची झुडपे पुन्हा डोक्याएवढी. खोदकाम हा या कामातला सहावा टप्पा आहे. तोच पहिला केला, तर पुढची दोन-तीन वर्षे त्याची भरपाई करण्यात जातात.

पुढची प्रमाणे साधारण ५ ते २० हेक्टरच्या मामा तलावासाठी आहेत. बोडीलाही (लहान तळ्यालाही) हाच क्रम लागतो, फक्त माणसे आणि साहित्य कमी. तयारीचे एक वर्ष, कामाचा एक उन्हाळा आणि राखणीची दोन वर्षे असा हिशेब धरा. ‘एका उन्हाळ्यात तलाव पूर्ववत’ असे लिहिलेल्या अंदाजपत्रकावर सही करू नका.

## टप्पा १: कागद (सप्टेंबर–ऑक्टोबर)

तलाठ्याकडून सातबारा आणि गटाचा नकाशा घ्या. सोबत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ आणि १६५ मध्ये या दोन नोंदी येतात. गुरांचे पाणी, येण्याजाण्याची वाट, पाण्याची वहिवाट हे जुने हक्क तिथे लिहिलेले असतात. पुढे वाद झाला तर ‘आमच्या आज्यापासून असेच चालते’ यापेक्षा हा कागद कामी येतो.

१०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव सहसा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. पाळ (तलावाचा बांध), तुडूम (पाणी सोडण्याचे दार) किंवा सांडव्याला हात लावायचा तर त्यांची लेखी परवानगी लागतेच. मच्छीमार संस्थेचा ठेका किती वर्षांचा उरला आहे आणि तलावाच्या पोटात गाळपेरीला (पाणी ओसरल्यावर गाळात पीक घ्यायला) जमीन दिली आहे का, हेही याच वेळी पाहा. तलाव वनक्षेत्रात येत असेल आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळाले असतील, तर तो दावाही फाइलला जोडा. २००६ च्या वनहक्क कायद्यात जलाशयातील मासळी आणि इतर उत्पन्नाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे.

नेहमीची चूक: अतिक्रमणाच्या अर्जात २०१७ चे पाणथळ नियम लावून मोकळे होणे. खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत आणि मामा तलाव सिंचनाचाच म्हणून नोंदलेला असतो. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे दाखवतो. अर्जाचा पाया सातबारा, निस्तारपत्रक आणि मोजणी असा ठेवा. गावतळी व सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २०११ साली दिलेला निकाल जोडा.

तपासा: भूमी अभिलेखची मोजणी होऊन हद्दीच्या खुणा जमिनीत रोवल्या आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्यांची नोंद करत राहा, पण मातीकाम सुरू करू नका.

## टप्पा २: वर्षभराची नोंद

सगळ्यात जास्त गाळला जाणारा टप्पा हाच. आधीची नोंद नसेल तर तीन वर्षांनी ‘सुधारणा झाली’ असे म्हणायला काहीही हातात राहत नाही. मुख्य म्हणजे काय बिघडले आहे तेच कळत नाही.

साहित्य थोडके आहे: दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण केलेला ४ मीटरचा सरळ बांबू, बांबूच्या कामट्यांची १ मीटर × १ मीटर चौकट, पीएचच्या पट्ट्या, पाण्यातला प्राणवायू मोजण्याचा रासायनिक किट, दुर्बीण, पक्क्या बांधणीचे रजिस्टर. पाण्याची पारदर्शकता मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी लागते. डब्याच्या पत्र्याच्या झाकणाचे चार भाग करून एकाआड एक काळा-पांढरा रंग द्या, खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी बांधा. तबकडी सावलीच्या बाजूने सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहा.

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हे करा:

१. पाळीवरच्या तीन पक्क्या जागांवरून फोटो. जागा दगडाला रंग लावून कायम करा, नाहीतर दर वेळी वेगळाच तलाव दिसतो.
२. तुडूमाजवळ, मधोमध आणि येव्याच्या (पाणी आत आणणाऱ्या नाल्याच्या) तोंडाशी पाण्याची खोली व तबकडीची खोली.
३. प्राणवायू पहाटे, सूर्य वर येण्याआधी मोजा. रात्रभर वनस्पती आणि शेवाळही प्राणवायू वापरतात, म्हणून नीचांक पहाटे मिळतो. दुपारी घेतलेला आकडा तलावाला खोटे प्रमाणपत्र देतो. पहाटे लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ठीक. ३ च्या खाली गेला तर टप्पा ४ तातडीचा.
४. काठापासून आत जाणाऱ्या ठरावीक रेषेवर दर ५ मीटरला चौकट टाकून त्यातल्या वनस्पती. नाव माहीत नसेल तर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या जाणत्याने सांगितलेले नाव लिहा आणि नमुना वर्तमानपत्रात दाबून ठेवा. शास्त्रीय नाव नंतर लागते.
५. पक्षी: सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, त्याच वाटेने, त्याच दिशेने. जानेवारीची गणना आशियाई पाणपक्षी गणनेच्या पंधरवड्यात बसवली की तुमचा आकडा इतर ठिकाणच्या आकड्यांशी ताडून पाहता येतो.
६. मासळी: कोणते जाळे, किती तास, कोणता मासा, किती किलो. फक्त किलो लिहून उपयोग नाही. दुप्पट जाळी टाकून तेवढीच मासळी आली तर तलाव निम्म्यावर आलेला असतो.

पक्ष्यांच्या यादीतून बरेच वाचता येते. कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो आणि तिथेच घरटे करतो. काणूक आणि अडई यांनाही वनस्पतींचे पाणी लागते. नुसते पाणकावळे आणि बगळे दिसत असतील, तर वनस्पती संपल्या आहेत का हे चौकटीच्या नोंदीशी ताडून बघा. गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस आढळला तर जागा आणि तारीख लिहा, पण घरट्याचे ठिकाण व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. घरटे असलेल्या भागात विणीच्या पावसाळी महिन्यांत कुठलेच काम ठेवू नका.

## टप्पा ३: शाळा आणि जाणते (टप्पा २ सोबतच)

२ फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनी, प्रभातफेरी काढून भिंत रंगवली की शिक्षण झाले, असा समज आहे. फेरीत मुलांना सहसा उन्हाशिवाय काही मिळत नाही. टप्पा २ मधली नोंदच मुलांच्या हाती द्या.

सहावी ते आठवीच्या मुलांचे पाच-पाचांचे गट करा. एक गट तबकडी आणि खोली, दुसरा चौकट, तिसरा पक्षी, चौथा मासळीचे रजिस्टर. प्रत्येक गटाने तेच काम निदान सहा महिने करावे. दर महिन्याला अदलाबदल केली तर आकडे कोणाचेच जुळत नाहीत. प्रत्येक गटासोबत एक शिक्षक आणि एक जाणता माणूस ठेवा: ढिवर, पाणकर (तलावाचे पाणी शेतांना वाटणारा) किंवा काठावरची भाजी-कंद खुडणारी बाई. त्यांना ‘पाहुणे’ म्हणून नारळ देण्याऐवजी त्या दिवसाची मजुरी द्या. त्यांचा दिवस बुडतो आणि शिकवण्याचे काम त्यांचेच असते.

मुलांनी काढलेला आलेख २६ जानेवारी आणि १ मेच्या ग्रामसभेत मांडा. सरपंचाच्या भाषणाआधी, नंतर नाही. नंतर सभा उठलेली असते. हीच माहिती जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या.

सावधान: मुलांनी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचे नाही. मधली खोली फक्त मोठ्यांनी डोंग्यातून, पोहणारा माणूस सोबत घेऊन मोजावी. पायाला उघडी जखम असलेल्या मुलाला काठावरचे काम द्या.

## टप्पा ४: येवा आणि गावाची नाली (नोव्हेंबर–फेब्रुवारी)

तलावात काय येते ते थांबवल्याशिवाय आत केलेले काम टिकत नाही. एका पावसात येव्याच्या नाल्याने चालत जा, छत्री घेऊन. गढूळ पाणी कुठून उतरते ते उन्हाळ्यात कधीच दिसत नाही.

गावाची नाली तलावात उतरत असेल तर घरोघरी शोषखड्डे घ्या. हे काम रोजगार हमीत बसते. येव्याच्या तोंडाशी दगडांचा बुटका आडवा बांध घाला आणि त्याच्या मागे गाळ बसायला पसरट खड्डा ठेवा. तो दर मेमध्ये रिकामा करावा लागतो. हे काम कोणाचे, ते नावानिशी लिहून ठेवा. बांधाच्या खालच्या अंगाला ५ ते १० मीटर रुंदीचा गवताचा पट्टा राखा. वाळा उत्तम.

बांध उंच केला तर मिरगाच्या पहिल्या पुरात मासे नाल्यात चढू शकत नाहीत. अंडी घालायला त्यांना तेच उथळ पाणी लागते. बांधाची उंची गुडघ्याखाली ठेवा आणि एका बाजूला वाट सोडा. त्या आठ-दहा दिवसांत नाल्याच्या तोंडाशी जाळे नको, हेही ग्रामसभेत ठरवून घ्या.

धानावरची फवारणी झाली की पंप आणि डबे धुवायला माणूस तलावावरच येतो. त्यासाठी पाळीपासून दूर एक टाके आणि हातपंप ठरवून द्या. नुसता ‘सक्त मनाई’चा फलक कोणी वाचत नाही.

## टप्पा ५: बेशरम (मार्च–एप्रिल)

बेशरम कापण्यात मजुरी घालवू नका. कापलेल्या बुंध्याला दुप्पट फुटवे येतात आणि पेरावरून तुटलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीत रुजतो.

१. पाणी ओसरल्यावर, पण माती भेगाळण्याआधी काम सुरू करा. ओलसर मातीत मूळ अख्खे निघते, टणक झालेल्या मातीत ते तुटते.
२. कुदळ-सब्बलने (पहारीने) बुंध्याभोवती खणून गड्ड्यासकट उपटा. जेसीबीने ओढले तर मुळे तुटून आतच राहतात.
३. काढलेली झुडपे पाण्याच्या उच्चतम रेषेच्या वर, खडकाळ जागी, मुळे वर करून रचा. नाल्यात किंवा पाळीच्या उतारावर टाकू नका.
४. पूर्ण कडकडीत वाळल्यावर जळणाला चालते, मात्र चुलीला बंद खोलीत नको. हिरव्या काठ्यांचे कुंपण केले तर ते कुंपणच वाढायला लागते.
५. चीक हाताला आणि डोळ्यांना त्रास देतो. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या.

ही वनस्पती जनावरांना विषारी आहे. शेळ्या सतत खात राहिल्या तर त्यांचा तोल जातो आणि त्या खंगतात. त्यामुळे ‘शेळ्या सोडू, साफ होईल’ हा सल्ला कोणी दिला तर मान डोलवून पुढे जा.

जलपर्णी असेल तर ती फुलावर येण्याआधी काढा. बी एकदा चिखलात पडले की अनेक वर्षे जिवंत राहते. येव्याच्या तोंडाशी बांबू आणि दोरीचा तरंगता अडसर बांधला तर वरून येणारी रोपे तिथेच अडतात.

तपासा: १०० पावले चालून मागे राहिलेले फुटवे मोजा. दहापेक्षा जास्त असतील तर त्या पट्ट्यात पुन्हा माणसे लावा आणि मगच गाळाकडे वळा.

## टप्पा ६: गाळ, तोही मोजून (एप्रिल–मे)

आता जेसीबी. आधी तलावाच्या पोटात दर २० मीटरला चुन्याची खूण करा आणि प्रत्येक खुणेवर सळई ठोकून मऊ गाळ किती जाड आहे ते लिहा. येव्याकडे रेतीमिश्रित, पाळीकडे बारीक आणि जाड असा फरक दिसतो. शेताला बारीक गाळ उपयोगी. रेतीचा गाळ शेतकरी दुसऱ्या वर्षी घेऊन जात नाहीत.

कुठे थांबायचे हे हातावर कळते. ओला गाळ तळहातावर वळून काडीसारखा लांब होतो. तो तुटायला लागला, खडे लागले किंवा पिवळसर-पांढरी झाक आली की त्याच क्षणी थांबा. तळातला चिकणमातीचा थर पाणी धरून ठेवतो. तो फुटून मुरूम उघडा पडला तर तलाव दिवाळीलाच रिकामा होतो आणि ते दुरुस्त करायला जवळजवळ उपाय नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतही फक्त गाळ काढायचा असतो, मुरूम आणि रेती नाही. ट्रॅक्टरवाल्याचा डोळा मात्र मुरमावरच असतो, म्हणून दिवसभर गावाचा एक माणूस यंत्राजवळ उभा हवा.

सगळा तळ सारखा खोल करू नका. तीन पातळ्या ठेवा:

- सुमारे १० ते १५ टक्के भागात उन्हाळ्यात मासे राहतील असा डोह. तोही जिथे गाळ मुळात जाड आहे तिथेच.
- मधला मोठा भाग दिवाळीच्या सुमारास ३० ते ९० सेंटिमीटर पाणी राहील असा. वनस्पती इथेच.
- काठ पसरट, दहा फुटांना एक फूट उतरेल असा. उभा कडा केला की गुरे घसरतात, मुले बुडतात आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही.

पाळीच्या आतल्या पायथ्यापासून निदान १० मीटर अंतर सोडा. पाळ उंच असेल तर किती, ते शाखा अभियंत्याकडून लिहून घ्या. पाळीवर नवी मोठी झाडे लावू नका, कारण मुळांच्या वाटेने पाणी पाझरते. तिथली जुनी मोह-जांभळाची झाडे मात्र तोडू नका. मेलेल्या मुळांच्या जागी पोकळी होते आणि पाळ तिथेच खचते.

शेतकऱ्यांना हिशेब आधी सांगा. एका एकरात दोन इंचांचा थर द्यायचा तर ७३ ब्रास गाळ लागतो, म्हणजे साधारण तेवढ्याच ट्रॉल्या. पाच ट्रॉल्या टाकून ‘फरक पडला नाही’ म्हणणारे बरेच असतात.

## टप्पा ७: नांगरणी आणि पाणवनस्पती (मे अखेर–सप्टेंबर)

मधल्या भागातली दाबलेली माती ट्रॅक्टरने ४ ते ६ इंच नांगरा. यंत्रांच्या चाकांखाली ती इतकी घट्ट बसते की मूळ शिरत नाही. मिरगाच्या आधी हे उरकले पाहिजे.

रोपे त्याच पाणलोटातल्या चांगल्या तलावातून आणा. एका जागेवरून दहातली एकच मूठ उचला. नर्सरीतली शोभेची पाणझाडे नकोत. पाण्याखालच्यांत हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया. तरंगत्या पानांत कुमुद. काठाला देवधान (रानटी धान) आणि लव्हाळे. ढिवर बायकांना ही सगळी वेगळ्या नावांनी ठाऊक असतात आणि कोणता मासा कशात अंडी घालतो हेही.

१. पहिला पूर ओसरून पाणी निवळले की तबकडी टाका. ती ३० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी होत असेल तर थांबा. गढूळ पाण्यात पाण्याखालची रोपे उजेडाअभावी कुजतात.
२. लावणीची खोली तबकडीच्या आकड्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको. तबकडी ४० ला दिसेनाशी झाली तर ८० सेंटिमीटरच्या आत लावा.
३. हायड्रिलाच्या वीतभर काड्यांची जुडी करून बुंध्याला चिखलाचा गोळा बांधा. चौरस मीटरला ४ ते ६ जुड्या. व्हॅलिस्नेरियाचे रोप मुळासकट हवे. सेराटोफायलमला मुळे नसतात. ते नुसते सोडा.
४. सगळा तलाव लावू नका. १० मीटर × १० मीटरचे आठ-दहा वाफे करा आणि भोवती बांबू-जाळीचा आडोसा घाला. बाकीचे ते स्वतः पसरतात.
५. आणताना ओल्या पोत्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा.

कमळ लावायचा मोह होतो, फोटोही सुंदर येतात. पण उथळ तलावात ते दोन-तीन वर्षांत सगळे पाणी झाकते आणि खालच्या वनस्पतींचा उजेड जातो. लावायचेच तर एका कोपऱ्यात, आणि दर वर्षी कंद काढून ते विकण्याची जबाबदारी कोणावर तरी टाकून.

## टप्पा ८: मासे, वनस्पतींनंतर

पहिल्या पावसाळ्यात विकतचे बीज नेहमीच्या निम्मेच सोडा. गवत्या मासा (ग्रास कार्प) वाफे फस्त करतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि वनस्पतींची मुळे उपटतो. हे दोन्ही निदान तीन वर्षे नकोत. तिलापियाही नको. थाई मागूरवर तर देशात बंदीच आहे. बीजाची पिशवी उघडल्यावर बोटुकल्या परातीत घेऊन एकेक पाहा. भेसळ तिथेच सापडते.

कटला, रोहू, मृगळ चालतात. मरळ, मागूर, शिंगी यांना सहसा बीज लागत नाही. येवा मोकळा ठेवला आणि वनस्पती परतल्या, तर ते आपसूक येतात.

## टप्पा ९: पाण्याची खूण

तुडूमाच्या दगडावर लाल रंगाची रेघ ओढा: या खाली सिंचनाचे पाणी सोडायचे नाही. रेघ कुठे, हे दिवाळीआधी ठरले पाहिजे, कारण उन्हाळी धानाचे परे (रोपवाटिका) टाकल्यावर कोणीच ऐकत नाही. ठरवताना पाणकर, खालच्या बांध्यांचे (धानाच्या खाचरांचे) शेतकरी, मच्छीमार संस्था आणि गुरे पाजणारे असे चौघेही हवेत आणि चौघांच्या सह्या हव्यात. डोहात मेअखेर कमरेएवढे पाणी राहील असा हिशेब धरा. टप्पा २ मधले खोलीचे आकडे इथे भांडण मिटवतात.

गणपती आणि शारदेच्या विसर्जनासाठी वेगळे टाके ग्रामपंचायतीने आधीच भरून ठेवावे. मिरवणूक पाळीवर पोचल्यावर समजावणे व्यर्थ.

## टप्पा १०: दुसरे आणि तिसरे वर्ष

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये बेशरमाचे नवे रोप हाताने उपटा. पहिल्या वर्षी मोठे पथक लागते. नंतर वेळ चुकवली नाही तर थोडक्या माणसांत भागते. एक हंगाम चुकला की पुन्हा सगळे पथक.

पाणी हिरवेगार झाले आणि पहाटेचा प्राणवायू घसरला, तर नालीचे पाणी कुठून तरी पुन्हा येते आहे. शोषखड्डे बुजलेत का ते आधी बघा. पाणी मातकट राहिले तर येव्याचा गाळखड्डा भरला आहे किंवा तलावात सायप्रिनस शिरला आहे. वाफ्यांतली रोपे आडोशाच्या आत जगली आणि बाहेर नाही, तर गुरे किंवा गवत्या. आडोसा आणखी एक वर्ष ठेवा. आत-बाहेर दोन्हीकडे मेली, तर तबकडीचे आकडे पुन्हा काढा. बहुधा लावणी खोल झालेली असते.

नोंदीचे रजिस्टर आठवीतून बाहेर पडणाऱ्या गटाने सातवीच्या गटाला एप्रिलमध्येच, तलावावर उभे राहून, एक पूर्ण फेरी सोबत करून द्यावे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर रजिस्टर कपाटात आणि किल्ली बदली झालेल्या गुरुजींकडे, असे बऱ्याच ठिकाणी होते; म्हणून एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक मच्छीमार संस्थेत ठेवा.